बेळगाव भागात बटाट्याचं निरोगी बियाणं: उच्चदाबाच्या धुक्याची पेटी उभारण्याची पद्धत

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या तांबड्या मातीत खरिपाचा बटाटा निघतो, पण त्याचं बियाणं बहुतेक बाहेरून, पंजाब-जालंधरकडून, पोत्यांत येतं. त्या पोत्यात विषाणू किती आणि कुजका माल किती, हे उगवून आल्यावरच कळतं, आणि तोवर जून उलटून गेलेला असतो. मातीशिवाय, फक्त खतपाण्याच्या धुक्यात मुळं लोंबकळत ठेवून छोटे बियाणे-बटाटे काढण्याची पद्धत आपल्याकडे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने चांगली बसवली आहे. नेटहाऊसमध्ये (जाळीघरात) कुंडीत किंवा वाफ्यात लावलेलं टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं, रोप साधारण ५ ते १० छोटे बटाटे देतं. धुक्याच्या पेटीत तेच रोप ३५-४० पर्यंत जातं. नवख्याने पहिल्या हंगामात याच्या निम्मेच धरून चालावं.

इथली हवा या कामाला अनुकूल आहे. बटाटा धरायला रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली लागतं आणि दिवस लहान असावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात एसीशिवाय काम होतं. अथणी-रायबागकडे दिवस जास्त तापतात. तिकडे पेटी सावलीत आणि पाण्याचं पिंप जमिनीत पुरलेलं हवंच.

खाली दिलेली मापं ३६ रोपांच्या एका पेटीची आहेत. पहिल्याच वर्षी याहून मोठं करू नका.

आधी थेंब समजून घ्या

मुळांना पाणी आणि हवा एकाच वेळी हवी असते. थेंब साधारण ३० ते ८० मायक्रॉनचा असला की धुकं पेटीत तरंगतं, मुळाच्या सगळ्या बाजूंनी बसतं आणि मुळावर बारीक पांढरी लव फुटते. तब्येतीत असलेलं मूळ भिंगाखाली धरलं तर पिंजलेल्या कापसाचा धागा वाटतो. थेंब जाड झाला की मुळं ओली शेवई होतात: लांब, गुळगुळीत, लव नाही. अशी रोपं जगतात, पण मग साध्या पाइपने पाणी शिंपडण्यात आणि या सगळ्या खटाटोपात फरक उरत नाही.

असा थेंब मिळायला ०.४ ते ०.६ मिलिमीटर भोकाचा मिस्ट नोझल आणि ८० ते १०० पीएसआय दाब लागतो, म्हणजे फिटरच्या भाषेत साडेपाच ते सात किलो प्रेशर. नेटहाऊसमधले नेहमीचे फॉगर याहून कमी दाबावर चालतात आणि थेंब जाड पाडतात. घरात पडून असलेली १६ एमएमची ठिबकची नळी तर मुळीच वापरू नका. तिचा जोर या दाबाला पुरत नाही, ती सांध्यातून निसटते.

सामान

पेटी ८ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट खोल. चौकट लोखंडी अँगलची, बाजू प्लायच्या किंवा सिमेंट शीटच्या. आतून ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद अखंड, कोपऱ्यात न कापता घडी घालून. बाहेरून पांढरा रंग. तळाला एका टोकाकडे २ इंच उतार आणि तिथे दीड इंची परतीचा पाइप. झाकणाला ५० एमएमचा थर्माकोल, त्यात २० सेंटिमीटर अंतराने २५ एमएमची भोकं: १२ च्या ३ ओळी. एका लांब बाजूला बिजागरीचा दरवाजा ठेवा, काढणी तिथूनच होणार आहे. दरवाज्याच्या कडेला आतून रबराची पट्टी लावा.

दाबाच्या बाजूला हे लागतं: १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, ज्याच्या पट्टीवर कमाल दाब किमान ८ बार (सुमारे ११६ पीएसआय) लिहिलेला आहे, २४ लिटरची, आत रबरी पडदा असलेली प्रेशर टाकी, १० बारची, ८० ला सुरू आणि १०० ला बंद असा बसवता येणारा प्रेशर स्विच, दाबाचं घड्याळ, १२५ पीएसआयला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, १२ व्होल्टचा, वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, सेकंदांत लावता येणारा सायक्लिक टायमर, थेंब न गळणारे, आत चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असलेले ८ नोझल, आणि त्याच मापाचे ४ जादा.

आरओ दुरुस्तीच्या दुकानात यातलं बरंच मिळतं, पण दोन वस्तू तिथून घेऊ नका. आरओची पांढरी टाकी कमी दाबासाठी असते, १०० पीएसआय ही तिची शेवटची मर्यादा, आणि तिच्यात हवा भरलेली असते जेमतेम ७ पीएसआय. आरओचा हाय प्रेशर स्विचही ४० च्या आसपासच पंप बंद करतो. हे दोन्ही बसवले की पंप चालतो, नोझल उडतात, सगळं ठीक दिसतं, आणि थेंब जाडच राहतो. बिघाड डोळ्याला दिसत नाही म्हणूनच दाबाचं घड्याळ चैन नाही, गरज आहे.

जोडणी

क्रम असा: पिंप, जाळी, पंप, चेक व्हॉल्व्ह, १२० मेशचा डिस्क फिल्टर, टाकी, स्विच, घड्याळ आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, मग नोझलची लाइन. फिल्टरचं कवच १० बारचं आहे ना, तेवढं पाहून घ्या.

सोलेनॉइड पेटीला अगदी चिकटून बसवा. तो लांब राहिला तर मधल्या नळीतला दाब हळूहळू उतरतो आणि शेवटचे दोन-तीन सेकंद धुक्याऐवजी पिचकाऱ्या उडतात. परतीच्या पाइपच्या तोंडाला पिंपावर १०० मायक्रॉनची कापडी गाळणी बांधा. मुळांचे तुकडे तिथेच अडले पाहिजेत.

नोझल दोन्ही लांब भिंतींवर, प्रत्येकी ४, समोरासमोर न येता आडवेतिडवे. उंची तळापासून साधारण एक फूट, तोंड किंचित वर. मुळांच्या गुच्छावर थेट रोखू नका. जवळच्या मुळावर फवारा आदळला की तिथेच पाणी जमतं आणि पलीकडची मुळं कोरडी राहतात.

आता टाकीची हवा. टाकीत पाणी नसताना, पंप बंद ठेवून, सायकलच्या पंपाने हवा ७५ पीएसआय भरा, म्हणजे पंप सुरू होण्याच्या दाबाहून ५ कमी. टायरच्या मापकाने तपासा. पाणी भरल्यावर मोजलेली हवा खोटी असते. एवढी हवा असली की २४ लिटरची टाकी १०० वरून ८० वर येईतो सुमारे ४ लिटर पाणी देते.

टाकी मुळात लागते कशाला? पंपाला शून्यापासून दाब चढवायला वेळ लागतो, आणि आपला फवारा आहे ५ सेकंदांचा. टाकी असली की पहिल्या क्षणापासून पूर्ण दाब मिळतो. हिशेब असा: एक नोझल मिनिटाला साधारण ६० ते १०० मिलिलिटर सोडतो. ८० धरला तर ८ नोझल ५ सेकंदांत ५३ मिलिलिटर सोडतात. म्हणजे ४ लिटरमध्ये ७५ फवारे, दर ३ मिनिटांनी एक धरला तर साडेतीन तासांहून थोडं जास्त.

पण या साडेतीन तासांवर विसंबू नका. लाइट नेमकी दाब ८१ वर असताना गेली तर टाकीत काहीच शिल्लक नसतं. म्हणून पंप, टायमर आणि सोलेनॉइड तिन्ही १२ व्होल्टवर ठेवा आणि मध्ये ३५ एएचची कारची बॅटरी कायम चार्जरला लावून ठेवा. दिवसाला सगळं मिळून ७ एएचच्या आसपास खर्च होतो, म्हणजे दोन दिवस लाइट नसली तरी निभावतं. भर उन्हात धुकं थांबलं तर तासाभरात शेंडे माना टाकतात, आणि मुळावरची सुकलेली लव परत उभी राहत नाही, नवी फुटावी लागते.

पाणी

नोझल तुंबणं हे या पद्धतीतलं सगळ्यात मोठं दुखणं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं.

काळ्या मातीच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात बोअरचं पाणी क्षारयुक्त. नोझलच्या टोकावर पांढरा खवला धरतो आणि पीएच रोज वर सरकतो. खानापूरच्या जांभ्या भागात उलट: पाणी मऊ, पण विहिरीत लोह असलं तर फिल्टरवर तांबूस बुळबुळीत थर येतो. असं पाणी पिंपात रात्रभर हवा सोडून ठेवलं की लोह खाली बसतं, मग वरचं गाळून घ्यायचं.

सगळ्यात उत्तम पाणी पावसाचं, आणि ते या भागात फुकट पडतं. १० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर. जुलैच्या एका झडीत एका पेटीच्या हंगामाचं बरंचसं पाणी जमा होतं. पहिल्या दोन सरी पत्रा धुवायला सोडून द्या, नंतरचं झाकलेल्या काळ्या टाकीत साठवा. साठवलेल्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) ०.१ च्या आसपास असावा. बोअरचा ईसी ०.६ च्या वर असेल तर निम्मं पावसाचं मिसळल्याशिवाय वापरू नका.

खतपाणी

१०० लिटरला सुरुवातीचं प्रमाण: कॅल्शियम नायट्रेट ५० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३० ग्रॅम, ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) १८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, १२ टक्के चिलेटेड लोह २ ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण १ ग्रॅम, २० टक्के बोरॉन ०.१ ग्रॅम. शेवटच्या तीन वस्तूंना सोनाराच्या काट्यासारखा बारीक वजनकाटा लागतो, चिमटीने घालू नका. पावसाच्या पाण्यात याचा ईसी १.४ च्या जवळ येतो. कोवळ्या रोपांना पहिले ८ दिवस निम्मी ताकद द्या. पीएच ५.६ ते ६.२. वर गेला तर फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, आधी मगभर पाण्यात मिसळून.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा, बाकीचं दुसऱ्या बादलीत. दोन्ही बादल्या पिंपातल्या भरपूर पाण्यात एकामागून एक, ढवळत ओता. घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली की पाणी दुधाळ होतं. ते दूध म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट, आणि ते नेमकं अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात जाऊन बसतं. दुधाळ झालेलं पाणी गाळून वापरण्याच्या फंदात पडू नका, झाडांना घाला आणि नव्याने करा.

शेतातलं डीएपी, १०:२६:२६, युरिया यातलं काहीही इथे चालत नाही. पहिल्या दोघांत न विरघळणारा गाळ असतो. युरियाचं नत्र मातीतले जिवाणू बदलून देतात तेव्हा पिकाला लागतं, आणि इथे माती नाही. १९:१९:१९ मध्येही बराचसा नत्र युरियाचाच.

स्टोलन, म्हणजे बटाटा धरणारे पांढरे फुटवे, दिसू लागले की नत्र कमी करा: कॅल्शियम नायट्रेट ४० ग्रॅम, १३:००:४५ २० ग्रॅम, आणि ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) २० ग्रॅम वाढवा, बाकी तेच. पिंप दर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण बदला. काढलेलं पाणी नारळाला, केळीला घाला, ओढ्यात सोडू नका.

रोपं येण्याआधी तीन दिवस

नुसत्या पाण्यावर यंत्रणा तीन दिवस चालवा आणि या चाचण्या घ्या. प्रत्येक नोझलखाली एक मिनिट भांडं धरून पाणी मोजा, दहा टक्क्यांहून जास्त फरक असलेला नोझल काढून साफ करा. दरवाजा उघडून टॉर्च आडवी धरा: फवारा बंद झाल्यावरही धुकं काही सेकंद तरंगताना दिसलं पाहिजे, लगेच खाली पडलं तर दाब कमी आहे. भर दुपारी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, व्हिडिओ सुरू करून पेटीत ठेवा आणि दरवाजा लावा. व्हिडिओत कुठेही उजेडाची रेघ दिसली तर ती फट बुजवा. शेवटी मेन स्विच रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते पाहा.

सप्टेंबरमध्ये एक महिना याच पेटीत पालक किंवा लेट्युस घेऊन हात बसवलात तर उत्तम. पालक चुकला तर नुकसान थोडं, टिश्यू कल्चरची रोपं चुकली तर वर्ष गेलं.

रोपं आणि लावणी

बाजारातल्या बटाट्याचा डोळा फुटवून पेटीत लावू नका. त्याच्यातला विषाणू ३६ रोपांत आणि मग सगळ्या बियाण्यात जाईल. विषाणू-चाचणीचा दाखला असलेली टिश्यू कल्चरची रोपं घ्या. कर्नाटकात, हासन भागात, बागलकोटच्या बागायत विद्यापीठाच्या केंद्राने आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या साथीने शेंड्याच्या मुळं फुटलेल्या कलमांची पद्धत रुजवली आहे. अशा रोपांचीही चौकशी करा. गोकाकजवळच्या अरभावीच्या बागायत महाविद्यालयात आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठात कोणत्या जातीची रोपं कधी मिळतील ते जूनमध्येच विचारून ठेवा. जात कुफरी ज्योती घेतली तर इथल्या शेतकऱ्याला ती ओळखीची आहे.

बाटलीतली रोपं सप्टेंबरअखेर कोकोपीटमध्ये दोन-तीन आठवडे रुळवा. १५ सेंटिमीटर झाली की मुळं साध्या पाण्यात धुऊन कोकोपीटचा कणही ठेवू नका, नोझलसाठी तो कण म्हणजे खडा. खालची पानं काढा, स्पंजच्या पट्टीत खोड गुंडाळून भोकात बसवा, शेंडा वर चार बोटं राहू द्या. परतीचा पाऊस सरला की, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, ही लावणी करा.

पेटीवर ४० ते ५० मेशची कीटकजाळी आणि दोन दारांची खोली लागते. माव्याचा एक किडा आत आला तरी विषाणू येतो, मग बाकी सगळी काळजी वाया.

टायमर पहिला आठवडा ५ सेकंद चालू, २ मिनिटं बंद. मुळं हातभर झाली की दिवसा ३ मिनिटं, रात्री ५ मिनिटं बंद. पेटीतलं तापमान १८ ते २२ अंश, २५ च्या वर नको. रोप वाढेल तसं दर आठ-दहा दिवसांनी खालची पानं काढून खोड दोन पेरं खाली सोडा. अंधारात गेलेल्या प्रत्येक पेरावर स्टोलन फुटण्याची संधी असते. वरचा वेल टोमॅटोसारखा सुतळीने बांधून घ्या.

काय बिघडतं

पंप दर फवाऱ्याला सुरू-बंद होतो: टाकीची हवा गेली. पाणी काढून ७५ ला भरा, तरी गेली तर रबरी पडदा फाटला आहे.

मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजकट वास: पेटी तापली आणि मूळकुज शिरली. पिंप बदला, आतून धुवा, पिंपावर ओलं गोणपाट टाका. कुजलेलं रोप मोहाने ठेवू नका, उपटून पेटीबाहेर लांब टाका.

बटाट्यावर पांढरे फोड: अतिओलाव्याने श्वासछिद्रं फुगली आहेत. बंद राहण्याचा वेळ एका मिनिटाने वाढवा. असा बटाटा साठवणीत आधी कुजतो.

हिरवा बटाटा म्हणजे उजेडाची फट. पाला भरघोस पण बटाटा नाही, म्हणजे नत्र जास्त किंवा रात्री उबदार.

एकाच कोपऱ्यातली रोपं मलूल: त्या बाजूचा नोझल. तो काढून वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, एका लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर बुडवा. सुई घालून भोक कोरू नका, भोक रुंदावलं की तो नोझल कायमचा बिघडला. आठवड्यातून एकदा दोन नोझल आळीपाळीने असे काढून साफ केले तर ही वेळ क्वचित येते.

काढणी आणि साठवण

लावणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी पहिली वेचणी. ३ ग्रॅमच्या पुढचा, साधारण मोठ्या शेंगदाण्याहून जाड झालेला बटाटाच काढा. स्टोलन ओढू नका, एका हाताने धरून दुसऱ्याने बटाटा पिळून सोडवा. लहान तसेच राहू द्या. दर ७-१० दिवसांनी वेचत गेलात तर रोप नवे धरत राहतं. पिकलेले बटाटे लटकत ठेवले तर नवे धरणं मंदावतं. फेब्रुवारीअखेर रोपं थकतात.

वेचलेले बटाटे सावलीत, वाऱ्यावर दहा-पंधरा दिवस पसरून साल पक्की करा, आकाराप्रमाणे निवडा आणि जाळीच्या पिशव्यांत २ ते ४ अंशांच्या शीतगृहात ठेवा. लावणीआधी दोन आठवडे बाहेर काढून मंद उजेडात कोंब येऊ द्या. हे बटाटे थेट खरिपाच्या शिवारात टाकू नका, जूनच्या जोराच्या पावसात एवढासा जीव टिकत नाही. पहिलं पीक जाळीखालच्या गादीवाफ्यावर ३० बाय १० सेंटिमीटरवर घ्या: ३६ रोपांचे सुमारे ७०० बटाटे धरले तर त्यांना २१ चौरस मीटर पुरतात. त्यातून निघालेलं बियाणं पुढच्या वर्षी शेतात. ते स्वतःच्या शेताला वापरता येतं. बियाणं म्हणून विकायचं असेल तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, तो आधी काढा.

मार्चमध्ये रोपं काढल्यावर पूर्ण यंत्रणेतून लिंबूसत्त्वाचं पाणी तासभर फिरवा, मग साधं पाणी. सगळे नोझल काढून वाळवून बरणीत ठेवा, टाकीतलं पाणी सोडा पण हवा राहू द्या, पंप महिन्यातून एकदा पाच मिनिटं साध्या पाण्यावर चालवा, आणि बॅटरी चार्जरवरच ठेवा.